आर्ट्सला जाऊन गणित?

दहावीचा निकाल लागला, की आपल्याकडे घरोघरी एक सुस्कारा ऐकू येतो : सुटलो बाबा एकदाचे गणितातून! आणि घरातल्या मुलानं किंवा मुलीनं आर्ट्सला नाव घातलं, तर शेजारीपाजारी मनातल्या मनात ताडतात, गणित झेपत नसणार. आर्ट्स आणि गणित ही दोन गावं आपण एकमेकांपासून अशी तोडून टाकली आहेत, की त्यांच्यामध्ये कधीकाळी सरळ रस्ता होता हेच कुणाच्या ध्यानात राहिलेलं नाही. लोकमान्य टिळक गणित घेऊन बी.ए. झाले होते. महर्षी कर्वे यांचंही तेच. मीसुद्धा गणित घेऊनच बी.ए. झाले, आणि आजही हे सांगितलं की समोरच्याला वाटतं, बाईंना बी.एस्सी. म्हणायचं असेल.

आता २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्या कॉलेजांत ‘मेजर’ आणि ‘मायनर’ हे शब्द आले आहेत. प्रवेशाच्या दिवसांत पालक हे शब्द जरा दबकतच उच्चारतात. मुख्य विषय आणि जोड विषय, एवढाच त्याचा अर्थ. पण शब्द बाहेरून आला की त्याची कुळकथाही विचारावी, या मताची मी आहे. ही कुळकथा अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजांची आहे. त्यातही गणित हा मुख्य विषय म्हणून घेण्याची जी परंपरा तिथे पडली, तिचा सगळ्यात रंगतदार अध्याय फिलाडेल्फियाजवळच्या एका मुलींच्या कॉलेजात घडला. तोच आज सांगायचा आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू. लिबरल आर्ट्समधलं ‘आर्ट्स’ म्हणजे चित्रकला-गायन नव्हे, आणि आपली कला शाखाही नव्हे. मध्ययुगीन युरोपात शिक्षणाच्या सात विद्या मानत. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या पहिल्या तीन. अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या पुढच्या चार. यांतल्या दोन तर उघडउघड गणिताच्या, आणि संगीत नि खगोल हेही त्या काळी गणिताच्याच अंगानं शिकवत. म्हणजे सातांपैकी चार विद्या गणिताच्या घरातल्या! आणि ‘लिबरल’ म्हणजे स्वतंत्र माणसाला शोभेल असं. ज्याला हातानं राबून पोट भरावं लागत नाही, त्यानं घ्यायचं शिक्षण. या व्याख्येत एक मेख आहे, ती ध्यानात असू द्या. स्वतंत्र माणूस कोण, हे ठरवायचं कुणी?

अमेरिकेतल्या जुन्या कॉलेजांत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत सगळ्यांना जवळजवळ एकच अभ्यासक्रम असे. लॅटिन, ग्रीक आणि गणित. निवडीचा प्रश्नच नाही. १८२८ साली येल कॉलेजातल्या अध्यापकांनी एक अहवाल काढला आणि या पद्धतीची जोरदार पाठराखण केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की शिक्षणानं मनात माल भरायचा असतो हे खरं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मनाला वळण लावायचं असतं. आणि त्यासाठी गणितासारखी तालीम नाही. पैलवान जोर-बैठका काढतो तेव्हा ‘या जोरांचा शेतात काय उपयोग?’ असं कुणी विचारत नाही. तसंच हे.

तालमीतली पोरं मात्र नेहमीच खूश असतात असं नाही. येलमध्ये १८३० साली चक्क गणितावरून बंड झालं. विषय होता शंकुच्छेद, म्हणजे शंकूला वेगवेगळ्या कोनांतून छेद दिल्यावर मिळणारे लंबवर्तुळ, अन्वस्त, अपास्त वगैरे वक्र. तोवर मुलं पुस्तकातली आकृती समोर ठेवून सिद्धता म्हणून दाखवत. फळा ही तेव्हा नवलाईची वस्तू होती. नव्या नियमाप्रमाणे फळ्यापाशी जायचं, स्वतःच्या हातानं आकृती काढायची आणि मग बोलायचं. मुलांनी साफ नकार दिला. कॉलेजही हटेना. शेवटी ९६ जणांच्या वर्गातून ४३ जणांना काढून टाकलं, आणि इतर कॉलेजांनाही कळवलं की यांना थारा देऊ नका. मी इतकी वर्षं फळ्यासमोर उभी राहिले आहे, त्यामुळे माझा कौल अर्थातच फळ्याच्या बाजूनं. आकृती स्वतः काढल्याशिवाय भूमिती अंगी लागत नाही. पण ज्याला तो विषय नकोच आहे अशा मुलाच्या हाती खडू देऊन काय साधतं, हा त्या ४३ जणांचा न विचारलेला प्रश्नही मला खोटा वाटत नाही.

पुढे वारं फिरलं. १८६९ साली चार्ल्स एलियट हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी दुसरं टोक गाठलं. ज्याला जे हवं ते त्यानं निवडावं. शतकाच्या अखेरीपर्यंत तिथे सक्तीचं असं फारसं काही उरलंच नाही. आता सगळं ऐच्छिक म्हटल्यावर काय होतं, ते लग्नाच्या पंगतीत बघावं. ताट भरतं, जेवण होत नाही. मग यातून मधला मार्ग निघाला. एक विषय खोलवर घ्यायचा आणि त्याच्या भोवती इतर विषयांची संगत ठेवायची. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानं १८७७-७८च्या माहितीपुस्तकात यासाठी ‘मेजर’ आणि ‘मायनर’ हे शब्द वापरले. त्या विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते इंग्लंडहून आलेले सिल्व्हेस्टर. म्हणजे मेजर हा शब्द जन्मला त्या घरात गणिताला मान होताच.

आणि इथेच ती मेख आडवी येते. या हॉपकिन्सचे दरवाजे बायकांना बंद होते. क्रिस्टीन लॅड नावाची व्हॅसर या मुलींच्या कॉलेजातून शिकलेली बुद्धिमान मुलगी सिल्व्हेस्टर यांच्या आग्रहामुळे १८७८ साली तिथे कशीबशी आत आली. १८८२ पर्यंत तिनं पीएच.डी.चं सगळं काम पुरं केलं. पदवी मिळाली? मिळाली, १९२६ साली. तेव्हा बाईंचं वय होतं ७८.

त्याच विद्यापीठात मार्था कॅरी थॉमस नावाची आणखी एक मुलगी दाखल झाली होती, १८७७ मध्ये. तिचे वडील विद्यापीठाचे विश्वस्त. तरीही तिला पुरुष विद्यार्थ्यांबरोबर वर्गात बसू दिलं नाही. ती वैतागून निघाली, युरोपात गेली आणि १८८२ साली झुरिकहून उत्तम गुणांनी डॉक्टरेट घेऊन आली. त्या काळात हार्वर्डच्या एडवर्ड क्लार्क नावाच्या डॉक्टरांचं एक पुस्तक फार गाजत होतं. फार अभ्यास केला तर मुलींची शरीरं बिघडतात, त्या आई होण्याच्या लायकीच्या राहत नाहीत, असं त्यांनी १८७३ साली शास्त्राच्या नावाखाली लिहून ठेवलं होतं. तरुण थॉमसनंही ते वाचलं होतं आणि ती मनातून धास्तावली होती. हे मी मुद्दाम सांगते, कारण अशा पुस्तकांना हसणं आज सोपं आहे. पण ज्या मुलींनी ती वाचूनही वही उघडली, त्यांना ते हसण्यावारी नेता आलं नव्हतं.

जोसेफ टेलर नावाच्या क्वेकर पंथाच्या एका डॉक्टरांनी आपली संपत्ती मुलींच्या कॉलेजासाठी ठेवली होती. त्यातून फिलाडेल्फियापासून दहा-बारा मैलांवर, ब्रिन मॉर या गावी कॉलेज उभं राहिलं. ब्रिन मॉर हे मूळचं वेल्श नाव. अर्थ, मोठी टेकडी. थॉमसबाई तिथे पहिल्या डीन झाल्या आणि पुढे १८९४ ते १९२२ अध्यक्ष. ज्या हॉपकिन्सनं त्यांना वर्गाबाहेर ठेवलं, त्याच हॉपकिन्सची विषयरचना त्यांनी उचलून आणली. प्रत्येक मुलीनं दोन मुख्य विषयांची जोडी घ्यायची. ग्रीक आणि लॅटिन, किंवा गणित आणि पदार्थविज्ञान, अशी. शिवाय इंग्रजी, तत्त्वज्ञान, एखादं शास्त्र हे सगळ्यांना सक्तीचं. फ्रेंच आणि जर्मन वाचता आलंच पाहिजे. ही शेवटची अट गणिताच्या मुलींना वरदान ठरली असणार, कारण त्या काळातलं पुष्कळसं नवं गणित जर्मनमध्येच छापलं जात होतं.

कॉलेज सुरू झालं १८८५च्या शरद ऋतूत. तारखा पाहा. त्याच वर्षीच्या जानेवारीत पुण्यात फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं होतं. आणि ब्रिन मॉरमध्ये पहिले वर्ग भरत होते तेव्हा जवळच फिलाडेल्फियात आपल्या आनंदीबाई जोशी वैद्यकीच्या शेवटच्या वर्षाचा अभ्यास करत होत्या. १८८६च्या मार्चमध्ये त्यांना पदवी मिळाली, त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. मुलींच्या शिक्षणाचं ते एक वेगळंच वारं होतं आणि त्यातली एक झुळूक तरी मराठी होती.

या नव्या कॉलेजात गणित शिकवायला आल्या शार्लट अँगस स्कॉट. वय २७. यांची ओळख आपल्याला एका शब्दानं चटकन पटेल : रँग्लर. रँग्लर परांजपे यांच्यामुळे हा शब्द महाराष्ट्रात पदवीसारखा रुजला. केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना रँग्लर म्हणत, आणि त्यांची क्रमवार यादी जाहीर होई. परांजपे १८९९ साली त्यात बरोबरीनं पहिले आले, म्हणून सीनिअर रँग्लर. स्कॉटबाई त्याच्या एकोणीस वर्षं आधीच्या. इंग्लंडात लिंकनला जन्मलेल्या, एका धर्मोपदेशकाच्या घरातल्या. केंब्रिजजवळच्या गर्टन या मुलींच्या कॉलेजात त्या शिकत. मुलींना ट्रायपॉसला अधिकृतपणे बसता येत नसे. परीक्षकांची मर्जी असेल तर पेपर लिहिता येत. १८८०च्या जानेवारीत ती नऊ दिवस चालणारी परीक्षा स्कॉट यांनी दिली, आणि त्यांचे गुण आठव्या रँग्लरइतके भरले.

पण यादीत नाव नाही! सिनेट हाउसमध्ये निकाल वाचला जात होता. सातवं नाव झालं, आठव्याची पाळी आली आणि प्रेक्षागॅलरीतल्या तरुणांनी एकच गलका केला, ‘गर्टनची स्कॉट! गर्टनची स्कॉट!’ टोप्या हवेत उडाल्या. ज्या बिचाऱ्या मुलाचं नाव खरोखर वाचलं गेलं ते कुणाला ऐकूच आलं नाही. स्कॉट स्वतः तिथे नव्हत्या. बायकांना त्या समारंभाला यायची परवानगी नव्हती. गर्टनमध्ये मैत्रिणींनी त्यांच्या डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट ठेवला. या प्रकारानंतर अर्ज-विनंत्या झाल्या आणि १८८१ पासून मुलींना परीक्षेला बसायचा हक्क मिळाला. नावं मात्र वेगळ्या यादीत, आणि पदवी नाहीच. केंब्रिजनं बायकांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ उजाडलं. स्कॉटबाईंनी शेवटी लंडन विद्यापीठाच्या बाहेरून बसण्याच्या परीक्षा देऊन १८८२ मध्ये बी.एस्सी. आणि १८८५ मध्ये डी.एस्सी. मिळवली, आणि बोट पकडली.

ब्रिन मॉरमध्ये गणित विभाग म्हणजे सुरुवातीला त्या एकट्याच. त्यांनी पहिलं काम केलं ते दाराशी. अंकगणित, बीजगणित आणि भूमिती यांची प्रवेशपरीक्षा पास झाल्याशिवाय कुणाही मुलीला आत घ्यायचं नाही, मग ती पुढे ग्रीक घेवो की इतिहास, असा त्यांचा आग्रह. हा आग्रह कडक वाटेल, पण त्यामागचा हिशेब साधा होता. कॉलेजात प्रवेशासाठी गणित लागतं म्हटल्यावर मुलींच्या शाळांना ते नीट शिकवावं लागतं. वरून एक खिळा ठोकला, की खालपर्यंत फळी सरळ बसते. पुढे अमेरिकेत कॉलेज-प्रवेशाची सामाईक परीक्षा घेणारं मंडळ निघालं, तेव्हा १९०२-०३ साली गणिताच्या मुख्य परीक्षक स्कॉटबाईच होत्या. म्हणजे मुलींना परीक्षेला बसू न देणाऱ्या विद्यापीठातून निघालेली बाई वीस-बावीस वर्षांत मुला-मुलींच्या परीक्षा घेऊ लागली!

त्यांचं दुसरं म्हणणं मला त्याहून मोलाचं वाटतं. मुलींसाठी वेगळं, मऊ, ‘बायकी’ गणित त्यांना मान्य नव्हतं. सवलत नको आणि आडकाठीही नको. त्या स्वतः संशोधक होत्या, भूमितीच्या. बीजगणितानं मांडलेल्या वक्रांचा अभ्यास हा त्यांचा प्रांत. १८९४ साली त्यांचं प्रतलीय भूमितीवरचं पाठ्यपुस्तक निघालं. १८९९ साली जर्मनीतल्या एका मान्यवर गणित-नियतकालिकात त्यांनी माक्स नोएथर या गणितज्ञाच्या एका मूलभूत प्रमेयाची नवी सिद्धता दिली. हे नाव जरा लक्षात ठेवा. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या कार्यकारिणीवर बसणाऱ्या त्या पहिल्या महिला, आणि पुढे उपाध्यक्ष. हे सगळं चालू असताना पहिल्या वर्षाच्या मुलींना त्या तेवढ्याच निष्ठेनं शिकवत. लिबरल आर्ट्स कॉलेजचं खरं बळ तिथे आहे असं मला वाटतं. मोठा गणिती आणि लहान वर्ग एका खोलीत येतात. विद्यापीठांत बहुधा मोठा गणिती असतो, पण पहिल्या वर्षाची मुलं त्याला नुसती लांबून बघतात.

विशेष म्हणजे स्कॉटबाईंना ऐकू कमी येत असे. तरुणपणीच हा त्रास सुरू झाला आणि उत्तरायुष्यात त्या जवळजवळ पूर्ण बहिऱ्या झाल्या. शिकवणाऱ्याला मुलांचा प्रश्न ऐकू येऊ नये यापरती अडचण नाही. तरीही चाळीस वर्षं त्यांनी तिथे काढली. जिवाला विरंगुळा म्हणून बागकाम. शेवंतीचा एक नवा वाण त्यांनी तयार केला होता म्हणतात. त्यांच्या हाताखाली सात जणींनी गणितात डॉक्टरेट घेतली. आकडा लहान वाटतो, पण त्या काळात गणितात डॉक्टरेट घेतलेल्या बायका अमेरिकेत सापडायच्या तरी किती? १९२२ मध्ये त्यांच्या गौरवासाठी ब्रिन मॉरला सभा भरली, तेव्हा मुख्य भाषणासाठी तत्त्वज्ञ-गणिती व्हाइटहेड इंग्लंडहून अटलांटिक ओलांडून आले. पुढे स्कॉटबाई केंब्रिजला परतल्या आणि १९३१ साली तिथेच वारल्या. केंब्रिजची पदवी अजून सतरा वर्षं लांब होती.

आता दुसरी बाजू. या कॉलेजाचं गुणगान करताना एक गोष्ट झाकता येत नाही, आणि झाकूही नये. ज्यांना स्वतःला दाराबाहेर उभं केलं गेलं, त्या थॉमसबाईंनी इतरांना दाराबाहेरच ठेवलं. गौरेतर वंश कमी प्रतीचे असतात असं त्या जाहीरपणे म्हणत. कृष्णवर्णीय मुलींना त्यांनी दूर ठेवलं. ज्यू प्राध्यापकांच्या नेमणुकांत मोडता घातला. ब्रिन मॉरमधून पहिली कृष्णवर्णीय मुलगी पदवीधर झाली ती १९३१ मध्ये, थॉमसबाई निवृत्त झाल्यावर नऊ वर्षांनी. आणि तिलाही वसतिगृहात जागा मिळाली नव्हती. स्वतंत्र माणसाची व्याख्या थॉमसबाईंनी रुंद केली, पण नेमकी स्वतःपुरती.

स्कॉट यांच्यानंतर विभाग आला ॲना पेल व्हीलर यांच्याकडे. यांचीही कथा विलक्षण आहे. साउथ डाकोटाच्या विद्यापीठात त्यांना गणिताची गोडी लावली अलेक्झांडर पेल नावाच्या रशियन प्राध्यापकानं. पुढे दोघांचं लग्न झालं. हे पेल महाशय म्हणजे मुळात सर्गेई देगायेव, १८८३ साली पीटर्सबर्गमध्ये झारच्या गुप्त पोलिसांच्या प्रमुखाच्या खुनात सामील असलेला आणि परागंदा झालेला क्रांतिकारक! नाव बदलून गृहस्थ शांतपणे कलनशास्त्र शिकवत होते. कादंबरीत लिहिलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. व्हीलरबाई स्वतः गटिंगेनला हिल्बर्ट यांच्याजवळ शिकून आलेल्या. १९२७ साली अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या मानाच्या व्याख्यानमालेत बोलणाऱ्या त्या पहिल्या महिला. दुसरी महिला तिथे उभी राहिली १९८० मध्ये. मधली ५३ वर्षं काय चाललं होतं, ते ज्यानं त्यानं समजून घ्यावं.

१९३३ साली जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि एप्रिलमध्ये गटिंगेनहून काढून टाकलेल्या ज्यू अध्यापकांत एमी नोएथर होत्या. माक्स नोएथर यांची मुलगी! ज्यांच्या प्रमेयाची सिद्धता स्कॉटबाईंनी दिली होती त्यांचीच. पण मुलीनं बापाला केव्हाच मागे टाकलं होतं. विसाव्या शतकातल्या बीजगणिताचा चेहरा ज्यांनी घडवला त्यांत त्यांचं नाव अगदी वर येतं. निसर्गनियमांतली सममिती आणि ऊर्जेसारख्या राशींचं अक्षय्य राहणं यांचं नातं सांगणारं त्यांचं १९१८चं प्रमेय पदार्थविज्ञानवाले आजही रोज वापरतात. एवढ्या या बाई, पण गटिंगेनमध्ये त्यांची व्याख्यानं सुरुवातीला हिल्बर्ट यांच्या नावावर जाहीर करावी लागत, कारण बाईला शिकवायचा परवानाच नव्हता. तो मिळाला १९१९ मध्ये, आणि चौदा वर्षांनी गेला.

निर्वासित विद्वानांना मदत करणारी अमेरिकेतली समिती आणि रॉकफेलर फाउंडेशन यांच्या पैशांतून ब्रिन मॉरनं त्यांना बोलावलं. १९३३च्या उत्तरार्धात त्या आल्या. जगातली पहिल्या प्रतीची गणिती, आणि समोर चार-पाच मुली! व्हान डर वर्डेन यांच्या बीजगणिताच्या जर्मन पुस्तकावरून वर्ग चाले. शिकवणं इंग्रजीत सुरू होई, आणि विचार रंगला की बाई नकळत जर्मनवर जात. जर्मन वाचायची ती सक्ती इथे कामी आली. वर्ग खोलीत संपत नसे. त्या मुलींना घेऊन लांब फिरायला जात, बोलण्याच्या भरात रस्त्यावरच्या मोटारींचं भान राहत नसे, आणि मुलींनाच त्यांना सांभाळून न्यावं लागे, असं त्या मुलींनी पुढे सांगितलं आहे. आठवड्यातून एकदा त्या प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीमध्ये व्याख्यानाला जात. ही संस्था तेव्हा प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गणिताच्या इमारतीत भरत असे, आणि त्या विद्यापीठात पदवीच्या वर्गांना मुलींना प्रवेश मिळाला तो १९६९ साली.

जेमतेम दीड वर्ष. १९३५च्या एप्रिलमध्ये एका गाठीसाठी शस्त्रक्रिया झाली, बरं वाटतंय म्हणेपर्यंत अचानक ताप चढला आणि १४ एप्रिलला त्या गेल्या. वय ५३. ब्रिन मॉरच्या शोकसभेत हर्मान वाइल बोलले. आइन्स्टाइननी न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहून जगाला सांगितलं की कोण गेलं. त्यांच्या हाताखाली तिथे डॉक्टरेट घेतलेली एकच विद्यार्थिनी, रूथ स्टॉफर.

अशा कॉलेजांत आज गणित हा मेजर घेणारा विद्यार्थी चार वर्षांत साधारण तीस-बत्तीस विषय घेतो, त्यांतले नऊ-दहा गणिताचे. बाकीच्यांत कविता असते, अर्थशास्त्र असतं, एखादी परकी भाषा असते. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास अमूर्त बीजगणिताच्या पुस्तकात ‘नोएथेरियन’ हे विशेषण त्याच्यासमोर येतं, आणि पुष्कळांना ते एका बाईचं नाव आहे हे शिक्षकांनी सांगितल्यावरच कळतं. यांतले थोडे गणिती होतात. बाकीचे वकील, शाळाशिक्षक, विमाकंपनीतले हिशेबनीस, डॉक्टर असे पांगतात. मग गणित वाया गेलं का, असं आपल्याकडचे पालक विचारतात. मलाही लग्नाआधी एका नातेवाइकांनी विचारलं होतं, मुलीच्या जातीला एवढं गणित कशाला? महर्षी कर्वे यांनी १८९१ पासून १९१४ पर्यंत फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलं, आणि १९१६ साली जपानमधल्या महिला विद्यापीठाचा नमुना समोर ठेवून मुलींसाठी विद्यापीठ काढलं. या प्रश्नाची किती उत्तरं त्यांना द्यावी लागली असतील!

एमी नोएथर यांची रक्षा ब्रिन मॉरमध्येच आहे. ग्रंथालयाच्या मधल्या चौकाभोवती कमानींची ओवरी आहे, तिच्या फरसबंदीखाली. वर एक साधी फरशी आणि तिच्यावर नावाची दोन आद्याक्षरं. वर्गाला जाणाऱ्या मुली तिच्यावरून ये-जा करतात. या ग्रंथालयाला पुष्कळ वर्षं थॉमसबाईंचं नाव होतं. ज्यू प्राध्यापकांच्या वाटेत उभ्या राहिलेल्या बाईंचं नाव वर, आणि ज्यू म्हणून देशोधडीला लागलेल्या बाईंची रक्षा खाली. २०१८ साली कॉलेजनं ते नाव वापरणं थांबवलं. आता त्या इमारतीला नुसतं ‘जुनं ग्रंथालय’ म्हणतात.